हक्कसोडीची साडी

गेल्या सोमवारी शाळेत रजा टाकली आणि दोन एसट्या बदलून कड्याहून माहेर, म्हणजे धारूर गाठलं. काम एकच... हक्कसोडपत्रावर सही करायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष झालं. सातबाऱ्यावर वारस म्हणून दादासोबत माझंही नाव लागलं होतं. आमच्याकडे अशा वेळी बहिणीनं रजिस्ट्री ऑफिसात जाऊन आपला हिस्सा भावाला सोडायचा, भावानं तिला साडी घ्यायची अन् घरी पुरणपोळी करायची. आत्यांनी केलं, चुलत बहिणींनी केलं. सोडणार का, असं कुणी विचारत नाही, नुसती तारीख कळवतात. दादानंही फोनवर तारीखच सांगितली.

आता गंमत बघा. मी सातवीला नागरिकशास्त्र शिकवते! 'मुलींना समान हक्क' असं फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहिते. पण स्वतःवर आलं तेव्हा तोंडाला कुलूप... खरं सांगू? भीती वाटत होती. आई आधीच गेलेली, आता अण्णाही नाहीत. दादाचं दार बंद झालं तर माहेर म्हणून जायचं कुठं?

ऑफिसात बाकावर ओळीनं बसलो. मी, दादा, भावकीतले दोन साक्षीदार अन् मांडीवर साडीची पिशवी घेतलेल्या वहिनी. दस्तात लिहिलं होतं, 'स्वखुशीने व प्रेमापोटी'. ते दोनदा वाचलं मी.

नंबर आला. साहेबांनी विचारलं, "खुशीनं सोडताय ना बाई? कुणाचा दबाव नाही ना?" मी "खुशीनं" म्हणून पेन हातात घेतला...

तेवढ्यात वहिनी उठल्या. चार माणसांत कधी मान वर न करणारी बाई! "सायब, जरा थांबा," म्हणाल्या अन् दादाकडं वळल्या. "मी बी माझ्या माहेरी अशीच सही केलती. साडी कवाच फाटली, नागपंचमीला बोलावणं बी येत न्हाई आता. उद्या आपल्या पूजाला बी ह्याच बाकड्यावर आणून बसवायचं का?"

पूजा म्हणजे माझी भाची, दहावीत आहे. साक्षीदार छताचा पंखा बघायला लागले. दादाचं तोंड लालबुंद... तो तडक बाहेर निघून गेला. मला वाटलं, झालं, संपलं माहेर! वहिनींवर असा राग आला म्हणून सांगू... "कशापायी बोललात हो?" एवढंच म्हणाले अन् रडूच फुटलं.

दहा मिनिटांनी दादा आला, मागं चहावाला. "ऱ्हाऊ द्या सायब. न्हाई करायचं आमचं." बस्स, एवढंच बोलला. साक्षीदारांनी आपापला चहा उचलला.

घरी पुरण शिजलेलंच होतं, ते खाल्लं. दादा दिवसभर माझ्याशी दोन शब्द बोलला असेल नसेल... पोळी गोड लागेना. निघताना वहिनींनी साडी नेसवलीच. मीही नको म्हणाले नाही! मोरपंखी आहे, लई भारी.

आज सकाळी डबा भरताना दादाचा फोन. म्हटलं, आता काढतोय विषय...

तर म्हणतो, "शोभे, आपल्या वावरात यंदा तूर घेऊ का सोयाबीन? सांग की."

अण्णा असतानासुद्धा हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण ऐटीत "तूर" म्हणाले. अन् फोन ठेवून ओट्यापाशी मनसोक्त रडले.

मग वहिनींना फोन लावला. येत्या पंचमीला त्यांना कड्याला बोलावलंय... माझ्या घरी, माहेरपणाला.