क्लेमने मारलेली छतं

क्लेम होल्रॉइडचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. एकसष्टाव्या वर्षी त्याचे हात उठल्याबरोबर वर जात नसत. गरम पाण्याची पिशवी आधी डाव्या खांद्यावर, मग उजव्यावर, असा अर्धा तास गेला की ते डोक्याच्या वर पोचायचे. आणि त्याचं काम सगळं डोक्याच्या वरचंच होतं.

ब्रॅडफर्डमधल्या एका बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत भाड्याची घरं करून नऊ वर्षं झाली होती. प्रत्येक घरात बॉयलर स्वयंपाकघरात, आणि त्याची धुराची नळी जिप्समच्या छताआडून, झोपायच्या खोलीवरून, बाहेरच्या भिंतीपर्यंत. आतले सांधे कुणाला दिसत नव्हते. नव्या वर्षापासून सांधे दिसत नसतील तर गॅसवाला बॉयलर बंद करायला सांगणार होता. म्हणून घरमालकांनी डिसेंबरात ठेकेदार नेमला आणि ठेकेदाराने क्लेमला. प्रत्येक सांध्याजवळ छत कापायचं आणि तिथे फूटभर चौकोनी झाकण बसवायचं.

क्लेम आधी बोटाच्या पेराने छत वाजवून बघायचा. तुळई कुठे आहे ते कळल्याशिवाय करवत लावत नसे. करवत छताच्या जिप्सम-बोर्डाच्या जाडीपुरतीच आत जाऊ द्यायची, कारण नळी लगेच वर असते. झाकण उघडताना जरा जरी अडकलं तर चौकट काढून पुन्हा बसवायची. एका झाकणाला पाऊण तास. ठेकेदार ग्लिन म्हणायचा, "म्हाताऱ्या, छताला भोक पाडतोयस, कपाट घडवत नाहीयेस." क्लेम ऐकून घ्यायचा आणि पाऊण तासच लावायचा.

ग्लिनला त्याने एक गोष्ट सांगितली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या सात घरांची छतं नऊ वर्षांपूर्वी बोर्ड ठोकून त्यानेच मारली होती.

तिसऱ्या आठवड्यात खालचे मजले संपवून तो वरच्या मजल्यावर, ऑलिव्ह सगडनच्या घरी पोचला. अठ्ठ्याहत्तरीची बाई, एकटी. तो शिडीवर, ती पलंगाच्या काठावर. महिनाभर सकाळी डोकं धरतं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या होत्या, तरी फरक नाही, असं ती सांगत होती. क्लेमने कापलेला चौकोन खाली उतरवला आणि बॅटरी आत घातली.

नळी बोर्डावर आडवी पडली होती. बोर्ड ओला होता. सांधा निसटून बोटभर फट पडली होती. बॉयलरचा विषारी धूर तिथून झोपायच्या खोलीत उतरत होता. आणि वर तुळईत, जिथे नळी धरून ठेवणारी पट्टी असायला हवी होती, तिथे स्क्रूची दोन भोकं होती.

ती भोकं कुणाची हे त्याला विचारायची गरज नव्हती. तेव्हा मजुरी बोर्डावर मिळायची, जेवढे बोर्ड तेवढी. पट्टी अर्धा इंच खाली लोंबायची, बोर्ड सपाट बसायचा नाही. नळीवाल्याला परत बोलवायचं तर दिवस जायचा. मग क्लेमसकट त्याच्या टोळीतला प्रत्येक जण पट्टी काढून खिशात टाकायचा आणि नळी बोर्डावर टेकवायचा. छतं आरशासारखी सपाट झाली होती. मुकादमाने पाठ थोपटली होती.

त्याने खाली उतरून बॉयलरचं बटण बंद केलं आणि खिडकी उघडली. बाहेर बर्फ होतं.

"अरे राजा, मरायचं का थंडीने?" ऑलिव्ह म्हणाली. "झाकण लावून टाक. नाताळ झाल्यावर ये. मी काही पाहिलं नाही."

"मी पाहिलंय, मिसेस सगडन."

सांधा बसवायचा त्याला परवाना नव्हता. त्याने गॅसवाल्या इम्तियाझला फोन केला. तो तासाभरात आला, शिडीवर चढला, उतरला आणि बॉयलरवर वापरबंदीची लाल चिठ्ठी चिकटवली. ऑलिव्हला त्याने आत्ताच्या आत्ता दवाखान्यात पाठवलं, शेजारणीबरोबर.

"पट्टी कुणीतरी मुद्दाम काढलीय, अंकल," तो म्हणाला. "असा माणूस सापडला पाहिजे."

क्लेमने हत्यारं पुसायला घेतली. सहा घरं उरली होती. दिवसाला एक अशी ती आपोआप उघडणारच होती. कुणी काही विचारणार नव्हतं. त्यातल्या पाचव्या घरात तान्हं मूल होतं. त्याची पाळी शनिवारी येणार होती, आणि आज सोमवार होता. आजच बंद करा म्हणायचं तर कशावरून, हे सांगावं लागणार. आणि खालच्या घरांत पट्ट्या जागेवर होत्या. ती छतं दुसऱ्या टोळीने मारली होती. म्हणजे वरची कुणी मारली तेही सांगावं लागणार.

त्याने करवत तीनदा पुसली. पुसायला काही उरलं नाही.

"सहाही आज बंद कर," तो म्हणाला. "सगळ्यांत असंच असणार."

"तुम्हाला काय माहीत?"

"पट्ट्या मी काढल्यात."

 इम्तियाझ लाल चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन दारं वाजवायला गेला, आणि छतं कापायला क्लेम करवत घेऊन त्याच्या मागोमाग. सहापैकी चार घरांत नळी बोर्डावर होती. तान्ह्या मुलाच्या घरात सांधा निम्मा सुटला होता.

कळल्यावर ग्लिन फोनवर ओरडलाही नाही. झालेल्या कामाची मजुरी मिळेल, उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाला. जिन्यात एका भाडेकरूने क्लेमची वाट अडवली आणि क्लेमने मान वर करेपर्यंत तो बाजूला झाला नाही. दोन दिवसांनी दवाखान्यातून परतलेली ऑलिव्ह, तिला बघायला आलेल्या क्लेमला दारातच म्हणाली, "तुझ्या छताखाली नऊ वर्षं झोपले रे. आणि पाहुण्यांना दाखवायचे, बघा किती सपाट आहे."



नळ्या पुन्हा टांगायला दहा दिवस लागणार होते. घरमालक म्हणाले, घोंगड्या पाठवतो. शुक्रवारी क्लेमची दोन आठवड्यांची मजुरी आली. त्यातून बॉयलर बंद पडलेल्या पाच घरांसाठी पाच विजेचे हीटर आले, आणि त्या घरांच्या, आगाऊ पैसे भरायच्या वीज-मीटरमध्ये दहा दिवसांचा भरणा. लिफ्ट चालत नव्हती. खांदा भरून आला होता, म्हणून त्याने हीटर एकेक करून वर नेले. मजुरी तिथेच संपली.