चुलीवर डबा कोणी ठेवला

...आणि हे पण लिही गो सारिका, की तुझा मंगेशमामा सहा वर्षं घरी आला नाय तो बापावरच्या रागानं. उजव्या हाताची तीन बोटं गेली त्याची, मुंबईचं लेथवरचं काम गेलं. त्या रागाचंच मला सांगायचं हाय. पण आधी तुझे आजोबा कसे, ते लिही. नाव सहदेव. ते तूच घाल, मी नाय घेत.

पिकाच्या राखणीची, परवान्याची ठासणीची बंदूक व्हती त्यांच्याकडं. कापडे गावाच्या वरच्या अंगाला आपलं शेत, रानडुकरं शिरली की भात लोळवून टाकतात. बंदुकीची काळी दारू मोजायला बसले की घरात सोवळं पाळल्यागत. चूल विझवा, पोरं अंगणाबाहेर, बसायचं पडवीत, तोंडातून शब्द नाय. एका बाराची दारू काढली की डब्याला झाकण, डबा लांब. बंदूक भरायची ती बांधावर, घरात कधीच नाय.

वाडीतला गोमाजी हसायचा. "सहदेवा, दारू मोजतोस का सत्यनारायण घालतोस?"

"परसाद पायजे तर आधी विडी टाक. नायतर उंबऱ्यापलीकडं बस."

वाडीतली परवानेवाली माणसं त्यांच्याकडंच शिकली. एक गोष्ट सगळ्यांना बजावायचे. दारू ओली झाली तर गेली. ती सुकवायची नाय.

त्या साली गणपतीच्या आधी आठ दिवस पाऊस हटला नाय. डब्यात ओल शिरली. हे म्हणाले, "ही बाद झाली. उघडीप पडली की लांब नेऊन पाण्यात घालतो." डबा पडवीच्या कोपऱ्यात ठेवून गेले शेतावर.

आता आपल्याकडं पावसात काय करतात? बियाणं, सुकट, पोरांचे कपडे, सगळं चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर. माझा हातच तसा वळतो गो. एवढी चांगली दारू, टाकायची कशाला? मी डबा उचलला नि ताटीवर ठेवला, सुकटीच्या डब्याशेजारी. कोणाला बोलले नाय.

दुसऱ्या दिवशी मंगेश आला मुंबईहून. "आये, सुकट भाजून दे," म्हणत त्यानंच वर हात घातला. भलताच डबा हाताला लागला, झाकण सैल, नि खाली चूल पेटलेली. पुढचं लिहू नको.

महाडच्या दवाखान्यात पोलीस आले. डबा कोणी ठेवला? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मी ठेवला." मला बाहेर नेऊन म्हणाले, "तू गप राह्य. परवाना माझ्या नावावर हाय, जबाब माझा." मी गप राह्यले. भ्यायले, खरं सांगते.

मंगेश खाटेवरून ओरडला, "दुनियेला शिकवत फिरलास नि स्वतःच्या घरात चुलीवर दारू ठेवलीस? तू बाप नायस माझा." त्यांनी मान खाली घातली. परवाना गेला, बंदूक जमा झाली. वाडीत कोण काय शिकायला येत नाय. परवा गोमाजी ओटीवर बसून त्यांनाच सांगत व्हता, "सांभाळून वागायला पायजे व्हतंस, सहदेवा." जो विडी विझवायला ह्यांच्याकडून शिकला तो! मी आत भाकरी थापत व्हते. तेव्हा पण गप.

आता हे पत्र्याचा डबा बडवत शेतात फिरतात. डुकरं त्यांना भीत नायत. सहा वर्षांत मला एकदा पण बोलले नायत की तुझ्यामुळं. बोलले असते तर बरं झालं असतं गो.

त्यांना वाचून दाखवू नको, ते पाठवू देणार नायत. तुझ्या त्या मोबाइलवरनं आत्ताच मंगेशला पाठव. सांग, तुझी आई बोलते, डबा तिनं ठेवलेला. राग धरायचा तर माझ्यावर धर, आलास तरी माझ्याशी बोलू नको. पण बापाला एक फोन कर.