जयवंतकाकांचा दुसरा आवाज

“मॅडम, काकांना जरा हळू गायला सांगा ना. त्यांच्या शेजारी उभं राहिलं की माझा सूर जातो.” पाणी प्यायच्या निमित्ताने शीतल माझ्याजवळ येऊन कुजबुजली.

जयवंतकाका जवळच होते. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला.

मी शाळेत संगीतशिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलच्या आमच्या चर्चचा क्वायर माझ्याकडे आला. जुने गाणारे बदल्या होऊन पांगले होते. उरले ते सगळे नवशिके. शीतल कळंबोलीच्या एका दवाखान्यात नर्स. कुणी उलव्याच्या साइटवर इंजिनिअर, कुणी बँकेत. आणि जयवंतकाका. त्यांची बायको, रूथकाकू, आमच्या क्वायरमध्ये वर्षानुवर्षं गायल्या. मागच्या पावसाळ्यात काकू गेल्या. नाताळानंतर एका शनिवारी काका प्रॅक्टिसला आले आणि काकूंच्या खुर्चीवर बसले.

“मला येत काही नाही,” ते म्हणाले. “पण शनिवारी संध्याकाळी घरात बसवत नाही.”

चर्चचा वर्धापनदिन जवळ आला होता. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी मोबाइलवर एक इंग्रजी गॉस्पेल, म्हणजे जोशात गायचं भक्तिगीत, ऐकवलं. टाळ्या, डोलणं, मध्येच एका बाईचा छताला भिडणारा आवाज.

“हे करू या. पाहुणे येणार आहेत.”

“साहेब, गाणं सुंदर आहे. पण आपल्या लोकांना झेपणार नाही.”

“का? शब्द तर सोपे आहेत.”

नवशिक्यांचं गाणं शब्दांवरून निवडत नाहीत. आधी रेंज बघतात. म्हणजे गाण्यातल्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या सुरातलं अंतर. ते जास्त असलं की नवा माणूस वर गेल्यावर ओरडतो आणि खाली आल्यावर गप्प होतो. ओळी लहान हव्यात, म्हणजे श्वास पुरतो. आणि चाल शक्यतो कानावरून गेलेली हवी. म्हणून मी संध्याकाळच्या प्रार्थनेचं एक जुनं मराठी गीत घेतलं. आमच्याकडे ते लहान मुलांनाही पाठ असतं.

आणि नेमकं तिथेच काका घसरत होते.

गंमत अशी, की आवाज मोकळा करायला मी दर शनिवारी सवाल-जबाबाची एखादी छोटी गॉस्पेल ओळ घ्यायचे. मी म्हणायची, त्यांनी तीच परत म्हणायची. ती काका बरोबर म्हणायचे. नवी ओळ बरोबर आणि माहितीचं गाणं चूक. असं उलटं प्रकरण मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

“त्यांना फाइल धरून नुसतं उभं राहू द्या,” पाळकसाहेब म्हणाले. चिडून नाही, काळजीनेच. “कुणाला कळणार आहे?”

“त्यांना कळेल ना,” मी म्हणाले.

त्या शनिवारी सगळे गेल्यावर काका खुर्च्या लावत मागे राहिले.

“मॅडम, मी पुढच्या वेळेपासून येत नाही. त्या पोरीचा सूर बिघडतो.”

“एकदा एकटे गा माझ्यासमोर. मग ठरवू.”

त्यांनी जमिनीकडे बघत सुरुवात केली. आवाज जाड, किंचित थरथरणारा. पहिली ओळ पार भलतीकडेच गेली असं मला वाटलं. दुसऱ्या ओळीला माझा हात आपोआप कीबोर्डवर गेला. मी मूळ चाल हळूच वाजवली. ती आणि काकांचा आवाज एकमेकांत नीट बसले.

काका चुकत नव्हते. ते ऑल्टो गात होते.

क्वायरमध्ये एकच गाणं वेगवेगळ्या आवाजांत विभागलेलं असतं. सोप्रानो म्हणजे बायकांचा वरचा आवाज. मूळ चाल बहुतेक त्यांच्याकडे असते. ऑल्टो म्हणजे बायकांचा दुसरा आवाज, चालीच्या खालून सोबत करणारा. तो एकटा ऐकला तर गाणं ओळखूही येत नाही. रूथकाकू ऑल्टो होत्या. काका तेच एक सप्तक खाली म्हणत होते.

“काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“शिकवतंय कोण? रूथ म्हणायची. पोळ्या लाटता लाटता.”

“आणि चर्चमध्ये नाही ऐकलंत कधी?”

“रविवारी माझी ड्यूटी असायची. ट्रक टर्मिनलला कसला आलाय रविवार! मी घरीच ऐकलंय. का? गाणं असंच आहे ना?”

मी त्यांना समजावून सांगितलं. दोन्ही आवाज वेगवेगळे वाजवून दाखवले. त्यांनी दुसरा आवाज पुन्हा एकदा वाजवायला लावला.

“म्हणजे हे तिचं आहे,” ते म्हणाले.

“हो. वळणांसकट त्यांचंच.”

काका खुर्चीवर बसले. रुमाल तोंडाला लावला. मी उगीचच कीबोर्ड पुसत राहिले.

अगदी नवख्यांना दुसरा आवाज देऊ नये असा नियम आहे. तो मी बाजूला ठेवला. ऑल्टोची रेंज लहान असते आणि शीतलला वरचा सूर कधी लागतच नव्हता. तिला आणि आणखी दोघींना मी काकांसमोर बसवलं.

“मी काय शिकवणार?” काका घाबरले.

“काकू म्हणायच्या तसं म्हणा. बाकीचं त्या करतील.”

शीतल खाली मान घालून म्हणाली, “काका, त्या दिवशी मी जे बोलले...”

“अगं, जातच होता की तुझा सूर. चल, दुसरी ओळ घे.”

वर्धापनदिनाला आम्ही निर्दोष गायलो असं नाही. शेवटच्या कडव्यात लय पळाली. इंजिनिअर एक ओळ आधीच सुरू झाला. पण दोन आवाज सुटले नाहीत. काका शेवटपर्यंत समोर बघून गायले.

त्यांची मुलगी नाशिकहून आली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. उपासना संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत थेट शीतलपाशी आली आणि तिचे दोन्ही हात धरले.

“तू मम्मीकडे शिकलीस का गं?”

“नाही ताई,” शीतल म्हणाली. “तुमच्या पप्पांकडे.”

मुलगी वळून वडिलांकडे बघत राहिली. काका तेव्हा पाहुण्यांना चहा देत होते.

हल्ली नवीन कुणी आलं की गाणं निवडताना मी रेंज बघते, श्वास बघते, आणि हे गाणं तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंत तेही विचारते. बहुतेक जण सांगतात, यूट्यूबवर. तरी विचारते.