आईशिवाय राहण्याची रंगीत तालीम

लष्कराच्या नर्सिंग सेवेचं रुजू होण्याचं पत्र आलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि माझी मुलगी पाच. पस्तिशीनंतर अर्ज करता येत नाही, म्हणजे हे पहिलं आणि शेवटचं पत्र. एकवीस दिवसांत पंजाबातल्या एका लष्करी रुग्णालयात हजर व्हायचं होतं. पाच वर्षांची नोकरी, खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे. सुरुवातीचे काही महिने मेसमध्ये एकटीने राहायचं आणि कुटुंबासाठी क्वार्टर मिळेल तेव्हा मिळेल. सगळं स्वच्छ लिहिलं होतं. लेक कुणाकडे ठेवायची, तेवढं मात्र लिहिलेलं नव्हतं.

देशसेवा वगैरे मी मुलाखतीत सांगितलं. खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. उल्हासनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं आयसीयूत काढली होती. तिथे पेशंटचे नातेवाईक चुटकी वाजवून बोलावतात. डॉक्टरने विसरलेलं इंजेक्शन मी लक्षात आणून दिलं तर आभार डॉक्टरचे आणि पेशंट दगावला तर शिव्या मला. एका गृहस्थांनी तर आईच्या बेडपाशी उभं राहून मला सांगितलं होतं, "सिस्टर, पैसा दिया है, थोड़ा जल्दी चलो ना." मी जल्दी चालतच होते. मला माझ्या कामाचा मान हवा होता. तो जिथे मिळेल असं ठिकाण मी शोधत होते आणि ते सापडलंही होतं, पण हजारेक मैलांवर.

नवऱ्याला पत्र दाखवलं. तो आनंदनगरच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. दिवसभर साठ माणसांना कामं सांगतो. घरी आल्यावर त्याच्याकडे एकच वाक्य उरतं. त्याने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाला, "तू बघ."

"तू बघ म्हणजे काय?"

"म्हणजे तुझा निर्णय. मी अडवणार नाही."

मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, किती समजूतदार नवरा! मला मात्र उशी फेकून मारावीशी वाटली. जाऊ नकोस म्हणाला असता तर मी भांडले असते. जा म्हणाला असता तर बॅग भरली असती. पण तू बघ म्हणणाऱ्या माणसाशी भांडणार कसं? उद्या मुलगी आजारी पडली तर म्हणणार, तू बघ म्हटलं होतं. मी घरी बसून कुढत राहिले तरी म्हणणार, तू बघच म्हटलं होतं. सगळं माझ्या गळ्यात घालून तो आंघोळीला गेला.

सासूबाईंना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. दिल्लीच्या मुलाखतीला गेले तेव्हा हॉस्पिटलचं ट्रेनिंग आहे असं सांगून गेले होते. त्या आयुष्यभर मोरिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. सेकंड शिफ्ट करून त्यांनी दोन मुलं वाढवली होती. रिटायर झाल्यावर बदलापूरला आमच्याबरोबर राहायला आल्या आणि नातीचा ताबा घेतला. त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील याची आम्हा दोघांना खात्री होती. ठरलं की सांगू, असं म्हणत आम्ही दिवस ढकलत होतो.

आणि मग मी मूर्खपणा केला. चारित्र्याच्या दाखल्यावर लोकप्रतिनिधीची सही लागणार होती, म्हणून प्रभागातल्या एका भावी नगरसेवकाच्या कार्यालयात गेले. भावी म्हणजे ज्याचं अजून काही नाही, पण ओळख सगळीकडे आहे असा. सही कुणाची मिळवायची ते तोच बघणार होता. त्याच्या पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या कार्यकर्त्याने कागद घेतले, कशासाठी लागतात ते खोदून विचारलं आणि म्हणाला, "ताई, एक फोटो एक्स्ट्रा द्या ना, रेकॉर्डला." मी दिला. आमच्या भागात रेकॉर्डला दिलेला फोटो कुठे जातो हे मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. दहा फुटी. पासपोर्ट फोटोतलं माझं तेलकट तोंड कुणातरी जवानाच्या धडावर चिकटवलेलं, छातीशी बंदूक, मागे बर्फाचे डोंगर. वर लिहिलं होतं, आपल्या प्रभागाची वाघीण सीमेवर! हार्दिक अभिनंदन! माझ्या डोक्यापेक्षा दुप्पट मोठं डोकं शुभेच्छुकाचं होतं. मी सलाईन लावणार होते, बेडसोअर बघणार होते. बंदूक मला हातात धरता येत नाही. पण फ्लेक्सवर कॅथेटर धरलेली बाई कोण लावणार?

मला हे दिसायच्या आत सासूबाईंना दिसलं होतं. ड्युटीवरून आले तर त्या सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. मेथीची जुडी पिशवीतच होती.

"दिल्लीला ट्रेनिंग होतं म्हणालीस."

"हो, आई."

"कसलं? नेमबाजीचं?"

"आई, मी नर्सच राहणार आहे. तो फोटो खोटा आहे."

"फोटो खोटा. आणि तू?"

मी पर्स खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "मला भाजीवालीने दाखवलं. भाजीवालीने! पेढे कधी देता म्हणाली. मी मान हलवली, जसं काही मला महिनाभर माहीत होतं." त्यांचा आवाज चिरकला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटत असतानाही मी मनातल्या मनात त्या कार्यकर्त्याचा गळा धरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्यांनी विचारलं, "तुला जायचंय का?"

"पोरीचं काय, आई?"

"मी पोरीचं नाही विचारलं. तुला जायचंय का?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हणाले.

त्या लगेच कामाला लागल्या. कंपनीत नवीन माल सुरू करायच्या आधी एक खेप कमी मापात काढून बघायचे, तसं करू म्हणाल्या. "तू चार दिवस चामटोलीला माहेरी जा. इकडे फिरकायचं नाही. दिवसातून एक फोन, संध्याकाळी सातला. पोरीला सांगायचं, आई कामावर गेलीय. बघू कशी राहते. नाही राहिली तर विषय संपला, राहिली तर तू निघ." नवरा म्हणाला, "बघा तुम्ही दोघी." त्याने एका माणसाची भर घातली होती.

चामटोली बदलापूरपासून तसं जवळच. चार दिवस मी लेकीपासून रिक्षाने अर्ध्या तासावर बसले होते आणि पंजाबात आहे असं समजत होते. माझ्या आईने पहिल्या जेवणालाच सुरुवात केली. "पोर तुझी हाय, न रानार आजीजवल? मंग परत आल्यावर तुला वलखल तरी का ती?" वडील भाताच्या खाचरातून येऊन पाय धूत होते, ते म्हणाले, "गावातले पोरगे भरतीला धावतात, त्यांना कोन विचारतं का पोरांचं?" आईने त्यांना उपाशी झोपवायचंच बाकी ठेवलं. त्यांचं तिथेच जुंपलं आणि मी भाकरी हातात धरून ऐकत राहिले. वाटलं, सगळ्यांचं माझ्याबद्दल मत आहे, फक्त घरी एकाचं नाही.

सात वाजायची वाट मी साडेपाचपासून बघायचे. पहिल्या दिवशी लेक फोनवर म्हणाली, "आई, मी जेवले. ठेवू?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आजीने दोन वेण्या घातल्या. ठेवू?" तिसऱ्या दिवशी पोळी लाटत होती, म्हणून तिने फोन आजीकडेच ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी मी विचारलं, "माझी आठवण येते का गं?" ती थोडं थांबली आणि म्हणाली, "नाही. तू काम कर."

मी परत आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या, परीक्षेत पहिला नंबर आल्यासारख्या. "एकदाही रडली नाही बघ. जेवली, झोपली, शाळेत गेली. तू निर्धास्त जा." लेक आतून आली, मला मिठी मारली आणि वेणी सुटेल म्हणून लगेच मागे सरली. वेण्या माझ्यापेक्षा चांगल्या घातल्या होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी आल्याआल्या नवऱ्याशी भांडले. गॅसचा नंबर लावला नव्हता, एवढं कारण पुरलं. मग मेथी धुतली नव्हती म्हणून, मग तो का हसतो म्हणून. रात्रभर मनात एकच घोळत राहिलं, की पाच वर्षं पोटाशी धरलेली पोर चार दिवसांत माझ्यावाचून राहायला शिकली. आता पाच वर्षं गेले तर? ती रडली असती तर मी तिच्यासाठी थांबले असते किंवा काळजावर दगड ठेवून गेले असते. तिने काहीच केलं नाही आणि माझा पाय उचलेना.

हजर व्हायच्या तारखेच्या सहा दिवस आधी मी मेल लिहिला. मुलगी लहान असल्याने आणि तिची सोय होत नसल्याने रुजू होता येत नाही, क्षमस्व. सोय तर झाली होती. चोख झाली होती. पण सरकारी मेलमध्ये खरं कारण कुठल्या शब्दांत लिहिणार?

नवरा म्हणाला, "बरं." सासूबाईंनी फक्त विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला वाटलं, सून जात नाही, सुटका झाली म्हणून आतून सुखावल्या असतील आणि वर दाखवत नसतील. चौकात तोवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला होता.

बाकी सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर राऊंडला थांबून म्हणाले, "बहुत अच्छा किया सिस्टर, बच्ची पहले." आईने गावात सांगितलं, पोरीसाठी सोडलं तिने सगळं. सोसायटीतल्या बायका माझ्याकडे बघून मान डोलवायच्या. खोट्या कौतुकाचा इतका वीट येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पण मी एकदाही कुणाला थांबवलं नाही, हेही खरं. ऐकून घेतलं, हसले आणि पुन्हा चुटकीच्या आवाजाला वळत राहिले.

वर्ष गेलं. लेक पहिलीत गेली. पालकसभेला तिच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रागावू नका, पण एक विचारू? वर्गात आईविषयी बोलायला सांगितलं होतं. तुमची मुलगी म्हणाली, मी नसते तर माझी आई आर्मीत असती."

मी लोकांना थाप मारत होते, आणि त्या थापेचं ओझं सहा वर्षांची पोर दप्तरासारखं पाठीवर घेऊन फिरत होती. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

शाळेच्या बाहेर स्कूटी लावली होती. तिला स्कूटीच्या पुढ्यात उभं न करता मी फुटपाथच्या कठड्यावर बसवलं आणि समोर उकिडवी बसले.

"ऐक. तुझ्यामुळे माझं काही राहिलं नाही. मी घाबरले म्हणून गेले नाही. लोकांना खोटं सांगितलं."

"बंदुकीला घाबरलीस?"

"नाही गं. मी चार दिवस घरी नव्हते ना? तू मजेत राहिलीस. रडलीसुद्धा नाहीस. मला वाटलं, हिला मी लागतच नाही. त्याला घाबरले."

मोठी माणसं इतकी बावळट कशी, असा तिचा चेहरा झाला होता.

"आजीने सांगितलं होतं, फोनवर रडायचं नाही. तू रडलीस तर आई जाणार नाही आणि तिला जायचंय." तिने बुटाचा वेल्क्रो काढला, पुन्हा लावला. "मी फोन ठेवल्यावर रडायचे. आजी पण रडायची."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी नीट केलं होतं ना? तरी तू गेलीच नाहीस."