देवळालीची स्मिता आणि 'डूलॅली'

ऑफिसात चार मराठी माणसं एका टेबलावर डबे उघडायला लागली की किस्से आपोआप साठत जातात. गुरुग्रामच्या आमच्या आयटी कंपनीतलं आमचं टेबल तसंच. फक्त आमचे निम्मे किस्से एकाच इंग्रजी शब्दाचे आहेत, आणि त्याला कारण आमची स्मिता. गाव देवळाली, नाशिकजवळ.

*

सुरुवात झाली लंडनच्या क्लायंटच्या कॉलवर. सर्व्हर वाट्टेल तसा वागत होता. क्लायंट पीटरसाहेब वैतागून म्हणाले, "युवर सर्व्हर हॅज गॉन डूलॅली!"

स्मिताने झटकन अनम्यूट केलं. "येस सर! आय ॲम फ्रॉम देवळाली ओन्ली!"

कॉलवर सोळा माणसं. सगळ्यांनी पटापट स्वतःला म्यूट केलं!

*

मग तिने डिक्शनरी उघडली. डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला. आणि शब्द आला कुठून? थेट देवळालीहून! इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथल्या कॅम्पात मायदेशी जायची वाट बघत बसायचे. महिनोन्‌महिने. हाताला काम नाही, वर ऊन. काहींचं डोकंच फिरायचं. मूळ शब्द तर 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप!

"बिचारे," आमचा देसाई डबा बंद करत म्हणाला, "त्यांचंही अप्रेझल अडकलं असणार!"

*

स्मिताला मात्र ते लागलं. तिने बाबांना फोन लावला. बाबा रिटायर्ड पोस्टमास्तर, आई गेल्यापासून गावी एकटेच.

"अगं, डोकी त्यांची फिरली आणि नाव आपलं खराब?" बाबा भडकले. "इथल्या हवेने मुंबईची आजारी माणसं बरी होऊन जातात. हेही छापा म्हणावं डिक्शनरीत!"

*

माझी लेक दिल्लीत वाढलेली, मराठी जेमतेम, पण स्मिताचा किस्सा तिला पाठ. एकदा मी ओरडले, "डोक्याला ताप देऊ नकोस!"

ती शांतपणे म्हणाली, "अच्छा, देवळालीवाला?"

*

पुढे बाबांची तब्येत ढासळली. स्मिताने गावी राहून काम करायची परवानगी मागितली. मॅनेजर खुराना सर सहा महिने एकच वाक्य म्हणत होते, "देखते हैं."

एका रिव्ह्यू कॉलच्या शेवटी पीटरसाहेबांनी विचारलं, "एनिथिंग एल्स, स्मिता?"

ती म्हणाली, "सर, सिक्स मंथ्स आय ॲम वेटिंग टु गो होम. टु देवळाली."

पीटरसाहेबांना ते वाट बघणारे सोल्जर आठवले असावेत. ते लगेच म्हणाले, "मिस्टर खुराना, प्लीज लेट हर गो."

दुसऱ्या दिवशी परवानगी! सोबत पीटरसाहेबांचा शुभेच्छांचा मेल. त्यात गावाचं नाव त्यांनी त्यांच्या स्पेलिंगने लिहिलेलं.

फेअरवेलला आम्ही समोसे मागवले. स्मिता रडत होती, हसतही होती. खुराना सरांनी तो मेल हातात धरला आणि अगदी मनापासून सगळ्या फ्लोअरसमोर म्हणाले,

"दोस्तों, आज स्मिताजी डूलॅली जा रही हैं. भगवान करे, एक दिन हम सब जाएँ!"