हात लावून बघितलं का?

“हात लावून बघितलं का?”

काकांचा हा प्रश्न कशालाही चाले. चहा निवला, स्कूटर रुसली, नातवाला कणकण वाटली, की निदान उजव्या तळहाताने. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नाव सांगत नाही, लाजतील.

मूळचे कराडचे. हवाई दलात यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झाले, चंडीगडलाच राहिले आणि आमच्या संस्थेतल्या संगणकांच्या खोलीचे एसी सांभाळू लागले. रोज सकाळी शहराला लागूनच असलेल्या मुल्लानपूरहून स्कूटरवर यायचे, चपला दाराशी काढायचे आणि ओळीने उभ्या सोळा संगणक मशीनच्या मागे, जिथून गरम वारा येतो तिथे, एकेकीला तळहात लावत जायचे. गोठ्यातल्या म्हशींच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मी त्या खोलीत दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरवत असे. फिरता फिरता ती एक होतात तेव्हा गुरुत्वीय लहरी कशा उठतात, हे गणिताने घडवून बघायचं, हीच माझी पीएचडी. ती व्हायच्या आधीपासूनच काका मला “डॉक्टर” म्हणत. टोमणा होता की आशीर्वाद, मी विचारलं नाही.

शेवटच्या गणितासाठी सगळ्या मशीन मला दहा दिवस मिळाल्या. नंतर दुसऱ्या गटाची पाळी. मार्गदर्शकांनी बजावलं होतं, “यावेळी झालं नाही, तर एक वर्ष आणखी.” मी गणित सुरू केलं आणि त्याच सकाळी काकांना ऐकवलं, “काका, हात नका लावू. महागाच्या मशीन आहेत. तापमान स्क्रीनवर दिसतं.”

“बरं जी,” म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून दारातच उभे. हात पाठीमागे बांधलेले.

इकडे माझी विवरं रेंगाळली. सहा दिवसांत जेमतेम एक फेरी! स्क्रीनवर मी बघत होतो ती एकटी पहिली मशीन; ती जीव तोडून काम करताना दिसत होती, म्हणजे चूक माझी असणं शक्यच नव्हतं. मी दोष विश्वाला दिला. विवरं अशी का रेंगाळतात याचं चार पानी गूढ स्पष्टीकरण लिहून मार्गदर्शकांना पाठवूनही दिलं. सातव्या दिवशी मात्र दाराबाहेरच्या पायरीवर डोकं धरून बसलो.

काकांनी चहा पुढे केला. “काय डॉक्टर, सुतक?”

“वर्ष गेलं, काका.”

“लावू का हात?” परवानगी मागत होते. मी पायरीवर सरकून वाट करून दिली.

आत गेले. पहिल्या मशीनमागून झटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “हिच्यावर पापड भाजतील!” मग दुसरी, तिसरी, थेट शेवटची. “आणि ह्या बाकीच्या काय उपासाला बसल्यात? पंधराच्या पंधरा गार आहेत यार!”

मी पळत जाऊन सूचनांची फाइल उघडली. सोळा जणींचं काम मी एकीच्याच डोक्यावर टाकलं होतं. बाकीच्या सहा दिवस एसी खात होत्या. एक ओळ बदलली. पाच मिनिटांत सोळाही पंखे एकदम घोंघावले आणि काका दारात उभे राहून हसले.

तीन दिवसांत विवरं एक झाली. स्क्रीनवर लहर उंच उंच होत गेली आणि मग शांत, सपाट झाली. काकांनी ती पाहिली.

“झालं?”

“झालं, काका.”

“मग आता तू पण गार हो,” म्हणाले आणि तोच तळहात माझ्या पाठीवर ठेवला. ते चार पानी स्पष्टीकरण मार्गदर्शकांनी जपून ठेवलंय. चहाला बसलं की मोठ्याने वाचतात.

यंदा काका कराडला राहायला गेले. आता मी रोज चपला दाराशी काढतो, ओळीच्या मागून हात लावत जातो आणि दाराकडे बघून सांगतो, “सोळाच्या सोळा गरम आहेत, काका.”