सासूबाईंच्या नाकासाठी गुलाब

आमच्या घराला कॅमेऱ्यांची गरज कधी पडली नाही, कारण घरात सासूबाईंचं नाक होतं. पडवीतल्या खाटेवर बसल्या बसल्या त्यांना आतलं सगळं कळायचं. "दूध खाली लागलं बघ." "जिरं करपलं." "कालचीच आमटी गरम केलीस व्हय?" आमचे हे मित्राकडे बसून तंबाखूची चिमूट लावून आले, की उंबऱ्यातच पकडले जायचे. पन्नाशी ओलांडलेला बागायतदार माणूस आईच्या भीतीनं खिशात वेलदोडे घेऊन हिंडायचा. मला तर त्या नाकाचा इतका राग यायचा की मनातल्या मनात मी त्याला रोज चिमटा लावायची.

मग साथीच्या वर्षी घरात सगळ्यांना ताप आला. यथावकाश उतरलाही. पण सासूबाईंचा ताप जाताना त्यांचा वास घेऊन गेला. पहिले काही दिवस, खोटं कशाला बोलू, मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. भाजी करपली तर करपली, कोण विचारतंय? ह्यांनी वेलदोडे आणायचे बंद केले.

सुट्टीची मजा फार दिवस टिकली नाही. सासूबाईंनी ताट मागे सारायला सुरुवात केली. "भुस्सा खाल्ल्यावानी लागतंय," म्हणायच्या आणि पाणी पिऊन उठायच्या. साथ ओसरली, पोरंबाळं शाळेत जायला लागली, तरी त्यांच्या जिभेला चव आली नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी बोलणं टाकलं. मी मुद्दाम एकदा फोडणी जाळली, तरी खाटेवरून हूं की चूं नाही. तेव्हा मात्र ही बाई अशीच खंगत जाणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं आणि मी फार घाबरले.

शेवगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकाला पुन्हा शाळेत घालायचं. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचे, डोळे मिटून, तो वास आठवत: लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब. पहिल्या तिन्हींची सोय घरात होती. गुलाबाचं अत्तर ह्यांनी आणलं, तर सासूबाईंनी बाटली परत केली. "बाटलीतलं काय खरं असतंय का? झाडावरचं फूल आना, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

आता झाडावरचं फूल म्हणजे झाड आलं. आणि नेमकं त्याच वेळी सगळ्या मुलखाला बागेचं वेड लागलेलं. घरात बसून बसून कंटाळलेल्या माणसांनी नर्सऱ्या धुऊन नेल्या होत्या, आणि पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांचा पत्ता नव्हता. मी आणि हे रस्त्याकडेच्या नर्सरीत गेलो तर निवडुंग, कढीपत्ता आणि मोकळ्या कुंड्या. नर्सरीवाला हात जोडून उभा. "ताई, मालच येत न्हाई. गुलाबाची चार-पाच कलमं हायेत, बघा. फूल कुनालाच न्हाई. नावाच्या चिठ्ठ्या पावसात गेल्या."

"वासाचा कोणता?"

"फूल आल्यावर कळंल की!"

मी मास्क खाली ओढून एकेक रोप हुंगायला लागले. पानाला गुलाबाचा वास येत नसतो हे मला माहीत आहे, पण गरजवंताला अक्कल नसते. नर्सरीवाला ओरडला, "अवो ताई, मास्क वर घ्या!" तेवढ्यात दुसऱ्या एका बाईनं मी हुंगत असलेल्या कुंडीला हात घातला. मी कुंडी सोडली नाही. तिनंही सोडली नाही. शेवटी मी म्हटलं, "माझ्या सासूसाठी नेतेय हो." त्यावर ती म्हणाली, "सासूसाठी? मग न्या बाई, न्या," आणि माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेनं बघून कढीपत्ता घेऊन गेली.

मी ते बुटकं रोप घेतलं, कारण डोळा भरल्याची जागा, म्हणजे कलमाचा जोड, चांगली जाड होती आणि वर तांबूस कोंब होता. हा नक्की गावठी, लई वासाचा, अशी नर्सरीवाल्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. ह्यांनी मात्र सगळ्यांत उंच रोप उचललं. आमच्या ह्यांना झाडात फक्त ऊस कळतो. जितका उंच तितका चांगला, असा त्यांचा सरळ हिशेब.

ह्यांचं रोप अंगणात महिन्याभरात माझ्या खांद्याला लागलं. "बघ," ते म्हणायचे, "निवड बघ माझी." मी वाकून बघितलं तर सगळी फांदी जोडाच्या खालून, ज्यावर कलम बांधतात त्या रानगुलाबाची फुटलेली. वरचं कलम केव्हाच वाळून गेलं होतं आणि आमचे हे रोज काट्यांना पाणी घालत होते. सांगितल्यावर म्हणाले, "तरी बी वाढलंय कसं!"

माझं बुटकं जगलं, पण रुसल्यासारखं. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून मी खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळलं होतं. वाळकी टोकं छाटली, निंबोळी पेंड घातली, चहाचा चोथा धुऊन घातला. पानं आली हिरवीगार. कळी काही येईना. सासूबाई खाटेवरून विचारायच्या, "आलं का गं?" मी म्हणायची, "येतंय, आत्याबाई." मग त्या लवंग हुंगायच्या, मान हलवायच्या आणि डबी मिटून ठेवायच्या. तो डबी मिटल्याचा आवाज मला सहन व्हायचा नाही.

अशात ह्यांना धरणकाठच्या एका मित्रानं अक्कल शिकवली. माशांची डोकी आणि गूळ समसमान घेऊन डब्यात कुजवायचं, त्याचं पाणी झाडाला द्यायचं. फुलांनी झाड वाकतं म्हणे. आता आमचं घर माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं टरफलसुद्धा कधी आमच्या कुंपणाच्या आत आलेलं नाही. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुमचं?"

ते हळूच म्हणाले, "तिला वास कुठं येतोय?"

हे ऐकून मला त्यांची लाज वाटली. मग दुसऱ्या दिवशी डब्याला झाकण मीच शोधून दिलं. डबा न्हाणीघराच्या मागे ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं, गूळपाणी आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त ह्यांनी गूळ घालताना चव बघत बघत घातला आणि घालण्यापेक्षा चाखलाच जास्त. त्यामुळे डब्यातलं आंबायच्या ऐवजी सडलं. शेजारणीनं भिंतीवरून विचारलं, "तुमची गटार तुंबली का?" मी म्हटलं, "हो ना, सांगितलंय माणसाला." गल्लीतली मांजरं मात्र आमच्या दारात ठिय्या देऊन बसली.

एका सकाळी ह्यांनी नाकाला उपरणं बांधून डब्याचं झाकण काढलं. मी आत मेथी निवडून लसूण सोलत होते. सासूबाई खाटेवर डोळे मिटून लिंबू हुंगत होत्या. आणि एकदम त्यांचा आवाज आला, जुना, खणखणीत.

"सूनबाई! काय मेलंय गं?"

मी धावत बाहेर आले. त्या लिंबाकडे बघत होत्या. ते त्यांनी बाजूला ठेवलं, मान वर केली आणि हवेत दोनदा नाक ओढलं. मग खाटेवरून उतरून, भिंतीला धरत धरत, थेट न्हाणीघरामागे. आमचे हे हातात तांब्या धरून जागच्या जागी थिजलेले.

"मासळी?" सासूबाई म्हणाल्या. "माज्या दारात मासळी? गळ्यात माळ हाय माज्या, मुडद्या!"

ह्यांनी उपरणं सोडलं. "आई," ते म्हणाले, "तुला वास आला?"

"आला म्हंजी काय? आतडी बाहीर यायला लागली!"

आणि आमचा हा बाप्या, आईच्या शिव्या खात, उभ्या उभ्या रडायला लागला. मलाही आवरेना. सासूबाईंना मात्र आमच्या रडण्याचं काही पडलं नव्हतं. डबा शेतात लांब नेऊन पुरायला लावला, ह्यांना बाहेरच्या नळावर अंघोळ करायला लावली, अंगणभर गोमूत्र शिंपडून घेतलं. गुलाबाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हात बघू तुजं. तू बी कालवलंस का त्यात?"

मी हात पुढे केले. त्यांनी माझे तळवे नाकाशी धरले. बराच वेळ धरले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझे हात असे कधी हातात घेतले नव्हते.

"लसूण," त्या म्हणाल्या. पुन्हा हुंगलं. "मेथी बी हाय."

"हो, आत्याबाई."

"मंग भाकरी टाक की. भूक लागली."

मी पीठ मळायला बसले. डोळ्यांना धार लागलेली, पाण्याचा अंदाज चुकला आणि पहिलीच भाकरी तव्यावर फाटली. ती मी बाजूला काढत होते, तर त्यांनी तीच मागून घेतली.